राजमातेने चढलेल्या नव्वद पायऱ्या

एका राज्यात साठी उलटलेल्या माणसाने पाण्याचा तांब्यासुद्धा उचलायचा नाही, असा दंडक होता. तो राजा सुकेतूने घातला, आणि तोही मायेपोटी. त्याचे वडील विहिरीवर पाणी शेंदताना कोसळून गेले होते. त्या दुःखात राजा जंभक मांत्रिकाकडे गेला आणि म्हणाला, "माझ्या राज्यातल्या वडीलधाऱ्यांना कष्ट नकोत."

जंभक म्हणाला, "माझे अदृश्य सेवक देतो. पण जे काम ते करतील, त्या कामाचं बळ ते त्या माणसाकडून काढून माझ्याकडे घेऊन येतील."

राजाने मान डोलावली. मायेने आंधळा झालेला माणूस अटी कुठे ऐकतो?

सेवक आले. ते वृद्धांना उठवू लागले, भरवू लागले, कूस बदलू लागले. लोकांनी राजाला दुवा दिला. सात वर्षांत राज्यातले सारे वृद्ध अंथरुणाला खिळले आणि तीनशे अकरा जण तिथेच गेले. राजमाता इरावतींनी नातीला मांडीवर घेतले, तर पोर घसरून पडली. मांडी उरलीच नव्हती.

राजा मांत्रिकाच्या मनोऱ्यावर धावला. तिथे दगडी रांजणात सारे बळ कोंडलेले होते आणि वर धोंडा होता. राजाने पहारी लावल्या, शंभर मल्ल लावले, धोंडा हलला नाही. कठड्यावरचा भारद्वाज पक्षी म्हणाला, "ज्यांचं बळ गेलं, त्यांच्यातलंच कुणी यावं. आधी जमिनीवरून आपलं आपण उठावं. मग विहिरीची घागर आणावी. मग या नव्वद पायऱ्या चढाव्यात. मध्ये कुणी हात दिला, तर येणाऱ्याचा तिथेच प्राण जाईल."

राजाने हे आईला सांगितले. त्या म्हणाल्या, "सेवकांना बाहेर काढ. आणि तू हात मागे बांधून उभा राहा."

पहिल्या दिवशी त्यांनी एक सुपारी उचलली आणि धाप लागून निजल्या. महिन्याने अडकित्ता उचलला, मग पानाचा डबा. दूध-वरण नेमाने घेत, चव असो नसो. पाटावरून उठत, बसत, पुन्हा उठत. किती वेळा पडल्या त्याला गणती नाही. एकदा फरशीवर पडून त्या तासभर "सुकेतू, सुकेतू" अशी हाक मारीत होत्या आणि राजा दोन हातांच्या अंतरावर उभा राहून रडत होता. त्याने हात दिला नाही. वैऱ्यावरही असली वेळ न येवो.

वर्षाने त्या जमिनीवरून उठल्या. दुसऱ्या वर्षी घागर आणली, निम्मी सांडून. तिसऱ्या वर्षी बसत-टेकत नव्वद पायऱ्या चढल्या; राजा हात मागे बांधून मागोमाग चढला. त्यांनी लोटताच धोंडा सरकला आणि जंभकाची राख झाली.

कोंडलेली बळे बाहेर पडून आपापल्या घरी गेली. अंथरुणावरची माणसे उठून बसली. पण तीनशे अकरा बळांना घरी कुणी भेटले नाही. ती रिकाम्या खाटांवरून फिरून परत आली आणि राजाभोवती थांबली.

राजा मटकन खाली बसला. "आईसाहेब, ही माणसं मी मारली."

"हो," राजमाता म्हणाल्या. "मायेनं केलंस, म्हणून कुणी अडवलं नाही. मीही नाही."

राजाला उठता येईना. तेव्हा आईने वाकून त्याला हात दिला, उभे केले आणि दोघे पायऱ्या उतरले.

शाप सुटला, दंडक मोडला, म्हातारी माणसे आपले पाणी आपण भरू लागली. गेलेल्यांना परत आणील असा मंत्र मात्र या गोष्टीत नाही.