सलोख्याचा फोटो

“…म्हणजे तुम्ही सही करणार नाही, गुरुजी?”

“नाही कुठं म्हणालो? चहा घे आधी.”

खोचरे साहेबांना चहा कसला गोड लागतोय! शाळांमध्ये सलोखा शिकवण्यासाठी निधी आला होता. मार्च संपायला चार दिवस उरले होते. आज कागद गेला नाही, तर पैसे परत. आणि शाळा समितीचे अध्यक्ष निवांत बशीत चहा ओतत बसलेले.

हे अध्यक्ष म्हणजे बाबालाल शिकलगार गुरुजी. खोचरे साहेब याच शाळेत, यांच्याच हाताखाली शिकले. आता ते शिक्षण खात्यात विस्तार अधिकारी होते, आणि ते कुणी विसरलेलं त्यांना खपत नसे.

“योजना माझी आहे, गुरुजी. फलक, शपथ, टोप्या. सगळी मुलं एका विचाराची करून टाकतो.”

“एका विचाराची?”

“एकाच!”

गुरुजींनी बशी तोंडाला लावली.

गरज होती, हे मात्र खरं. महिन्यापूर्वी विहिरीवर पोहण्याच्या पाळीवरून जमीर आणि सुशांत भांडले. पोरांचं भांडण ते, संध्याकाळपर्यंत मिटलं असतं. पण मोठ्यांनी त्यात तोंड घातलं आणि दोन आळ्यांचा अबोला झाला. शाळेत खिचडीच्या दोन पंगती बसू लागल्या. गुरुजींना त्या दिवसापासून जेवण गोड लागत नव्हतं.

“कागदाला फोटो जोडायचाय,” साहेब म्हणाले.

मैदानात आठ पोरं खो-खोला बसली होती. साहेबांनी जमीर आणि सुशांतला हुडकून शेजारी शेजारी बसवलं. “खांद्यावर हात टाका. अरे, तापला तवा आहे का तो? नीट टाका! आणि सगळ्यांनी तोंडं इकडं करा.”

आठही तोंडं एका बाजूला झाली. फोटो निघाला.

“झकास,” गुरुजी म्हणाले. “आता हलू नका रे कुणी. असंच खेळायचं. पमी, तू पळ. साहेब धरतील.”

“मी?”

“बूट काढ.”

गुरुजींचा तो आवाज साहेबांना चौथीपासून ठाऊक होता. त्यांनी बूट काढले.

पमी पाचवीतली, अंगानं काडी आणि पायानं वारा. साहेब रांगेच्या मागून धावले, तशी ती सटकन पुढच्या बाजूला गेली. साहेबांनी जमीरच्या पाठीवर थाप मारली. “खो!” जमीर उठून पुढं धावला, साहेब धापा टाकत त्याच्या जागी बसले. तोवर पमी रांगेतून मागच्या बाजूला पसार.

धरणाऱ्याला रांग ओलांडता येत नाही. पलीकडं जायचं तर पलीकडं तोंड असलेल्याला मागून खो द्यायचा. जमीर रांगेवरून नजर फिरवत पळाला… सगळी तोंडंच तोंडं. थाप मारायला एकही पाठ नाही.

बिचारा खांबाला वळसा घालून मागं गेला, तर पमी पुढं. तो पुढं आला, तर पमी मागं. तिसऱ्या वळशाला तिनं खिशातली चिंच काढली आणि उभ्या उभ्या चोखू लागली. पोरं हसून लोळायची बाकी राहिली.

साहेबांच्या अंगात आता जुना खेळाडू आला होता. “अरे शुंभांनो, एकाआड एक तोंडं फिरवा! असा कुठं खो-खो असतो?”

“फिरवा रे,” गुरुजी म्हणाले. “साहेबांचा हुकूम आहे.”

एकाआड एक तोंडं फिरली. सुशांतचं तोंड पलीकडं गेलं आणि पाठ जमीरकडं आली.

जमीर एक क्षण थबकला…

मग धप्पकन थाप बसली. “खो!”

सुशांत उठला तो सुसाटच. पमीची चिंच खाली पडली, तिची वेणी त्याच्या हाताला लागली आणि मैदान दणाणलं. जमीरनं पळत जाऊन सुशांतला उचललं, दोनदा गरागरा फिरवलं. मग दोघांनाही अबोला आठवला. एकमेकांना सोडून ते जरा लांब उभे राहिले, आणि मग दोघेही फिस्सकन हसले.

गुरुजींनी डोळे पुसले. धूळ फार होती म्हणाले. खोटं बोलत होते.

साहेब घामाघूम होऊन शेजारी येऊन बसले. मग त्यांनी कागदावरचे फलक, शपथ आणि टोप्या स्वतःच्या हातानं खोडल्या आणि तिथं लिहिलं, रोज एक तास खेळ, आणि तो घ्यायला एक शिक्षक.

गुरुजींनी सही केली.

“गुरुजी, एक रकाना राहिलाय. मुलांना नेमकं काय शिकवणार, ते लिहायचंय.”

“लिही. पाठीवर थाप बसली की उठून धावायचं. ती कुणाची, हे बघायला जो मागं वळतो, त्याचा गडी सुटतो.”