सगुणाच्या तीन कामांची किंमत

एका राज्यात एके सकाळी गूळ कडू झाला, मध कडू झाला, आणि आईच्या अंगावरचे दूधही कडू झाले. कारण काय, तर द्राक्षाचा एक मळा! हसू नका. मीही आधी हसलो होतो, पुढचे ऐकेपर्यंत.

राजाचे नाव उग्रकेतू. टेकडीवर त्याचा तीनशे वेलींचा मळा, मळ्याखाली दगडी तळघर, तळघरात रांजण आणि रांजणांत द्राक्षासव. तसे आसव सात राज्यांत होत नसे. हा मळा एका जोगिणीने लावला होता, आणि लावताना तिने एकच नेम घालून दिला होता : वर्षाला छाटण्या दोन, पीक एक. चैत्रात खरड छाटणी. त्या वेळी वेल पार हाडापर्यंत उतरवायची, नुसती काडी पोसू द्यायची, घड धरायचा नाही. आश्विनात गोडी छाटणी. मग घड घ्या हवे तेवढे. बाळंतिणीला विसावा लागतो तसा वेलीलाही लागतो, इतके साधे होते ते.

पण साधे समजले तर तो राजा कसला! एका चैत्रात उग्रकेतूने मळ्याच्या माळणीला दरबारात बोलावले. तिचे नाव सगुणा. वय वीस, नवरा तापाने गेलेला, पोटात तीन महिन्यांचा गर्भ. तिच्यासारखी कात्री राज्यात कोणाची चालत नसे.

"चैत्रातही घड धर," राजा म्हणाला.

"महाराज, नेम मोडेल."

"नेम जोगिणीचा. मळा माझा."

सगुणाने मान खाली घातली. काय करील बिचारी? राजाशी वैर धरून कोणाच्या दारात बाळंत होणार होती ती? तिने वेली वरवर छाटल्या आणि घड धरले. फळ आले, आसव मुरले. तोवर आश्विन आला आणि सगुणाला मुलगी झाली.

कार्तिकात राजाने त्या आसवाचा पहिला पेला ओठांना लावला आणि थू करून फेकला. त्याच घटकेला राज्यातले जे जे गोड, ते ते कडू झाले. पोरे आयांच्या अंगावरून तोंड फिरवून टाहो फोडू लागली. सगुणाच्या तान्हीने दोन दिवसांत भाताच्या पेजेचे चार थेंब घेतले, तेही निम्मे ओकली.

वेलींच्या मांडवावर एक साळुंकी बसली होती. ती म्हणाली, "सगुणे, इथे रडून काय होणार? जोगीण टेकडीच्या पोटात बसली आहे. पूर्वेच्या दगडाला हात लाव."

सगुणाने हात लावला. दगड बाजूला झाला. आत जोगीण सूत कातत होती.

"हुकूम राजाचा होता," सगुणा म्हणाली.

"हात तुझा होता," जोगीण म्हणाली. "तीन कामे कर. खरड छाट, गोडी छाट, आसव कर. ते राजाने प्यायले की शाप सुटेल. तुझी कात्री मी मंत्रून देते. वेली एका दिवसात ऋतू ओलांडतील. पण त्या पळतील तसे तुझे वयही पळेल. एका कामाला दहा वर्षे."

"आणि राजाचे वय?"

"राजाने कात्री धरली नव्हती."

बघा, हा न्याय! सगुणाने मनाशी हिशेब केला. वीस आणि तीस, पन्नास. पोरीचे लग्न तरी डोळ्यांनी दिसेल. "घ्या," ती म्हणाली. एक गोष्ट तिच्या ध्यानात आली नाही. जोगिणीच्या आली असेल, पण विचारल्यावाचून जोगिणी सांगत नाहीत.

शेजारची कुंभारीण काशी नुकतीच बाळंत झालेली. तान्हीला तिच्या ओटीत घालून सगुणा मळ्यात गेली.

पहिल्या दिवशी खरड छाटणी. नेम मोडून वाढलेली प्रत्येक फांदी तिने उतरवली. कापल्या टोकांतून पाणी ठिबकू लागले. संध्याकाळी तिची बोटे जून झाली होती.

दुसऱ्या दिवशी गोडी छाटणी. दुपारपर्यंत काड्यांवरच्या डोळ्यांतून कोंब फुटले, घड लोंबले. आता विरळणी, म्हणजे घडातले निम्मे मणी काढून टाकायचे, तेव्हा उरलेले भरतात. पहारेकरी ओरडला, "अगे, राजाचे मणी मातीत घालतेस?"

"घालते," सगुणा म्हणाली. "तुझ्या राजाने न घातल्यामुळेच ही वेळ आली आहे." संध्याकाळी उठताना तिने गुडघ्यावर हात टेकला.

तिसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत तिने घड तोडले, हौदात घालून पायांनी तुडवले आणि रस रांजणात भरला. रस उकळ्या मारू लागला. तो आपणहून शांत होईपर्यंत झाकण काढायचे नाही, अशी जोगिणीची आज्ञा होती. आणि रांजणातून तिच्या लेकीचे रडणे येऊ लागले. तिचेच, तोच सूर, तीच धाप. सगुणाने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि ओक्साबोक्शी रडली, पण झाकणाला हात लावला नाही. रस निवला. गाळ तळाशी बसला. तिने वरचे नितळ आसव पेल्यात घेतले.

दरबारात राजाने तिला ओळखले नाही. "आधी तू पी," तो म्हणाला. ती प्यायली. मग तो प्यायला, आणि ओठ पुसून म्हणाला, "गोड आहे."

शाप सुटला. गूळ गोड झाला, मध गोड झाला. महाराजांच्या कृपेने संकट टळले, अशी दवंडी पिटली गेली. पुढच्या चैत्रापासून मळ्यात पुन्हा एकच पीक घेऊ लागले, आणि उग्रकेतू पुष्कळ वर्षे सुखाने प्यायला. त्याचे काय जाते?

सगुणा मात्र पायांत बळ नसताना काशीच्या दारापर्यंत धावली. काशीने एका अंगाला स्वतःचा मुलगा घेतला होता, दुसऱ्या अंगाला तान्ही. पोर घटाघटा पीत होती. सगुणाने तिला उचलून छातीशी धरले. पोरीने तोंड लावले, ओढून पाहिले, पुन्हा ओढले. पन्नाशीच्या बाईला दूध कुठून येणार? पोर रडू लागली. सगुणाने पोर काशीच्या हातात परत दिली.

"इथेच राहा," काशी म्हणाली. "एका घरात राहू."

सगुणा राहिली. दीड वर्षाने पोर बोलू लागली. काशीला ती आई म्हणाली. सगुणाकडे बघून म्हणाली, आजी.

सगुणाने ओ दिली.