बसका डोंगर का बसला

तळ्याकडे तोंड करून चटई अंथरलीत ना? ठाऊक होतं. शहरातली सगळी मंडळी अशीच बसतात. तळं बघायचं, फोटो काढायचे आणि पोहे खायचे. आमच्या खडकेवाडीची माणसं या डोंगरावर डबा घेऊन आली की तळ्याकडे पाठ करतात आणि पलीकडच्या मोरसरीकडे बघत जेवतात. मोरसरीत बघण्यासारखं काय? काही नाही. चार कौलं, एक पाण्याची टाकी आणि ओरडणारी गाढवं. तरी तिकडेच बघतात. का, ते सांगतो. वहिनी, तेवढी चटणी इकडे सरकवा, गोष्ट कोरडी उतरत नाही.

हा डोंगर तुम्ही गप्पा मारत चढलात. हे आजोबासुद्धा चढले, मध्ये दोनदा चहा पिऊन. पूर्वी असं नव्हतं म्हणे. तेव्हा हा ताठ उभा होता, नव्या जावयासारखा. आमच्या बाजूनं कशीबशी पायवाट होती, मोरसरीच्या बाजूला नुसता कडा.

त्या काळी मोरसरीची ठकू खडकेवाडीत दिली. लग्नाच्या पंगतीत एक घोटाळा झाला. तिचे सासरे हैबतराव जेवत असताना तूप वाढणारा दुसऱ्यांदा फिरकलाच नाही. झालं! म्हातारा भरल्या ताटावरून उठला आणि बेलभंडारा उचलून बोलला, "ही पोर पुन्हा मोरसरीच्या मातीला पाय लावणार नाही!" एका पळीभर तुपासाठी, बघा. पण शपथ ती शपथ. पुढे हैबतराव गेले, शपथ काही गेली नाही.

नागपंचमीला गावच्या साऱ्या सुना माहेरी जायच्या, ठकू डोंगरावर जायची. फडक्यात भाकरी बांधून पार माथ्यावर. तिथून मोरसरीचा लिंब दिसायचा, आणि त्या लिंबावर तिची आई पिवळं लुगडं टांगून ठेवायची. म्हणजे, आम्ही बरे आहोत. ठकू बघायची, भाकरी खायची, डोळे पुसून खाली यायची. आई गेली, तरी लुगडं टांगलेलं दिसायचं. भावाची बायको हौसा टांगायची. या नणंद-भावजयांनी एकमेकींचं तोंड कधी पाहिलं नव्हतं, कारण हौसा त्या घरात आली ती ठकू सासरी गेल्यावर.

असं करता करता ठकूची ठकूआजी झाली. गुडघे गेले, नजरही अधू झाली. त्या नागपंचमीला ती निघाली खरी, पण अर्ध्या वाटेत बसकण मारली. वर पोचणं होईना, आणि पोचली असती तरी लुगडं दिसलं नसतं. मग म्हातारी चिडली. देवावर नाही, सासऱ्यावर नाही, डोंगरावर!

"मेल्या, जन्मभर मी तुझ्याकडं आले. तू एकदा तरी वाकलास? पाय दुखत नाहीत तुझे? बस की खाली!"

आणि डोंगर बसला, असं सांगतात. धाडकन नाही. एखादी लेकुरवाळी दिवसभर राबून हुश्श करून बसते ना, तसा. बसला तसा त्याचा घोळ पसरला, नऊवारीचा पसरतो तसा, थेट मोरसरीच्या वेशीपर्यंत. डोंगराची माती लाल, मोरसरीची काळी. लाल माती काळीला जाऊन भिडली.

म्हातारी उठली, काठी टेकत पलीकडे उतरली आणि लाल माती संपते तिथं पायाची बोटं आवळून उभी राहिली. समोर काळ्या मातीत एक पांढऱ्या केसांची बाई उभी.

ठकूनं विचारलं, "पिवळं लुगडं टांगणारी ती तूच का गं?"

"व्हय. आन तुमी डोंगरावरचा ठिपका?" हौसा जवळ आली, निरखून बघत राहिली. "अगं बया! ठिपक्याला सुरकुत्या किती ह्या!"

दोघी इतक्या हसल्या की हसता हसता रडायला लागल्या. हौसा लाल मातीवर आली, नणंदेचा हात धरून बसली. ठकूचा भाऊ म्हातारा झालेला, तो घरातून पुरणाची दिंडं घेऊन आला आणि म्हणाला, "दोघी बसा. आज मी वाढतो."

एवढ्यात खडकेवाडीचे पुरुष धावत आले, शपथ मोडली म्हणून. वाकून वाकून ठकूच्या टाचा बघितल्या. लाल! बोटं बघितली. लाल! काळ्या मातीचा कणही नाही, शपथ शाबूत! ठकूआजी तोंडातला घास चावता चावता म्हणाली, "आलाच आहात तर घागर घ्या अन् पाणी वाढा." गुपचूप वाढलं म्हणे. माझी आज्जी हे सांगताना तिथं थांबायची आणि आमच्या आज्ज्याकडं बघायची. तो विडीचं निमित्त करून उठायचा. आता ती दोघंही नाहीत, आणि डबे बांधून गावच्या गाव वर यायचं तेही दिवस नाहीत. उतारावर आता नुसतं गवत बसतं.

पण रीत सुटली नाही. ठकूआजी बघायची म्हणून तोंड मोरसरीकडेच. आजही या डोंगरावर कुणीही जेवायला बसो, घरच्या बायका आधी जेवतात आणि बाप्ये वाढतात. पाहुण्यांनाही सूट नाही. तेव्हा वहिनी, तुम्ही बसा निवांत, पाय पसरून. आणि साहेब, तुम्ही उठा. पोहे गार व्हायला लागलेत.