काळ्या पट्ट्यापाशी थांबलेलं पाऊल

ही गोष्ट फार जुनी आहे. तेव्हा शेळ्यांना बोलता येत होतं आणि माणसांना ऐकायला थोडी सवड होती.

एका डोंगराळ राज्यातल्या एका नव्याकोऱ्या घरात, वास्तुशांतीच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी, घरातला म्हातारा उंबऱ्याच्या आत आला आणि थांबला. त्याने उजवा पाय उचलला. हवेतच धरला. मग हळूच मागे घेतला आणि म्हणाला, “सूनबाई, माझी पेज बाहेरच दे. ओट्यावर वारा बरा आहे.”

एवढंच झालं. पेजेची वाटी बाहेर गेली. पण सुनेच्या काळजात चर्र झालं, कारण त्या सकाळी वारा मुळी नव्हताच.

ही सून पाठशाळेत शिकलेली, हुशार, आणि मनाने भारी धास्तावलेली. भांडं पडलं की दचकायची. कुणी मागून हाक मारली की दोनदा दचकायची; एकदा हाकेला, आणि एकदा आपण दचकलो हे कुणी पाहिलं की काय म्हणून.

त्या राज्यात रीत अशी होती, की घराचं छप्पर मुलाने निवडायचं आणि जमीन सुनेने. शिवाय एकदा घातलेली फरशी पुन्हा उचलायची नाही. उचलली तर घर मोडतं, असं सगळे मानत. म्हणजे रंग चुकला तर ती चूक जन्मभर पायाखाली!

म्हणून बिचारीने फार काळजी घेतली होती. लाद्या भाजणाऱ्या म्हातारीकडून तिने नमुने आणले, टोपलीत भरले, आणि ती टोपली डोक्यावर घेऊन गावातल्या एकवीस घरी फिरली. “हा कसा वाटतो? आणि हा? दहा वर्षांनी जुना तर नाही ना वाटणार?”

कुणी हे सांगितलं, कुणी ते. शेवटी शेजारच्या काकूंनी निकाल दिला. “अगं, राजाच्या नव्या सभागृहात पांढऱ्याशुभ्र लाद्या आहेत आणि मधून मधून हातभर रुंदीचे काळे पट्टे. सध्या तेच चालतं. दुसरं काही घातलंस तर लोक म्हणतील, सून शिकलेली असून गावंढळच.”

सुनेला हायसं वाटलं. दुसऱ्याने ठरवलं की चूक आपली होत नाही, असं तिला वाटत असे. तुम्हाआम्हालाही कधीकधी वाटतंच.

फरशी बसली. आरशासारखी चकाकली. एकवीस घरची माणसं येऊन वाखाणून गेली. आणि दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याचं पाऊल मागे फिरलं.

म्हातारा साधासुधा नव्हता. उभं आयुष्य त्याने विहिरी खोदल्या होत्या. सात कोसांत त्याच्या हातची विहीर नाही असं गाव नव्हतं. आता डोळ्यांवर पडदा आला होता, पण कणा आणि ताठा, दोन्ही शाबूत होते.

दुपारी सुनेने हाक मारली, “मामंजी, जेवायला चला!”

“ताट इकडेच आण. ऊन छान आहे.”

रात्री अंथरूणही त्याने ओट्यावरच मागितलं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. कधी ऊन छान, कधी वारा बरा, कधी पाय मळलेत. पुढे पुढे तर त्याच्याकडची कारणं संपली आणि तो हाकेला ओ देईनासा झाला. सून आतून हाक मारायची, थोडी थांबायची, आणि मुकाट्याने ताट घेऊन बाहेर जायची.

गाव काय, बघतच होतं. पाणवठ्यावर काकू बायकांना सांगत होत्या, “फरशी मळेल म्हणून सासऱ्याला ओट्यावर ठेवलाय म्हणे! घ्या, शिकलेल्या सुना घ्या!”

नवऱ्याने एकदा विचारलं, “तू बाबांना काही बोललीस का?”

“मी? अहो, त्यांना जेवायला बोलवायचं तरी मी आधी मनात दोनदा म्हणून बघते!”

मग थंडी आली. म्हातारा खोकू लागला. एका संध्याकाळी तो म्हणाला, “पुनवेच्या बाजाराहून गाड्या परततील, त्यांच्याबरोबर लेकीकडे जाईन म्हणतो. आता तिकडेच राहीन.” आणि त्याने आपलं गाठोडं बांधून उशाशी ठेवलं.

लेकीचं गाव घाटापलीकडे, दोन दिवसांच्या वाटेवर. त्या थंडीत आणि त्या खोकल्यात तो तिथवर पोचेल की नाही, हे कुणीच बोललं नाही. सगळ्यांना ठाऊक मात्र होतं. पुनवेला पंधरा दिवस उरले होते.

त्याच संध्याकाळी सून आपल्या शेळीला थंडीसाठी घरात घेऊ लागली. शेळीचं नाव भिंगरी. भिंगरी उंबरा ओलांडून आली आणि पहिल्या काळ्या पट्ट्याशी चारही खूर रोवून उभी राहिली.

“चल ना गं!”

“मी नाही येत,” भिंगरी म्हणाली. “घरात खड्डे खणून ठेवलेत, आणि वर चल म्हणतेस?”

“खड्डे? कुठे?”

“हा काय एक. तो पलीकडे दुसरा. तळसुद्धा दिसत नाही.”

“वेडी का तू! रंग आहे तो!”

“तुझ्या डोळ्यांना असेल. माझ्या डोळ्यांना काळं म्हणजे खोल.” भिंगरीने तोंडातला घास निवांत चावला. “आणि मी एकटीच आहे वाटतं? तू परसात गेलीस की म्हातारबा रोज आत येतात. पट्ट्यावर काठी टेकतात. काठी सांगते जमीन आहे, डोळे सांगतात विहीर आहे. मग परत फिरतात. विहिरीचं तोंड कसं दिसतं, हे त्यांना का दुसऱ्याने सांगायला हवं?”

सुनेने वाकून त्या पट्ट्याकडे पाहिलं. “मग मला का नाही बोलले?”

“काय बोलतील? शंभर विहिरींत उतरलेला माणूस, सुनेला सांगेल की मी तुझ्या फरशीला भितो? तू सांगितलं असतंस?”

दुसऱ्या दिवशी उजाडताच सून लाद्या भाजणाऱ्या म्हातारीच्या भट्टीवर धावली. धापा टाकत तिने सगळं सांगितलं. म्हातारीने हातातला चिखल झटकला.

“मी नमुने दिले तेव्हा बजावलं होतं, आठ दिवस ठेवून बघ. ठेवलेस?”

“ठेवले ना, आजी. एकवीस घरी दाखवले.”

“आणि स्वतःच्या घरात?”

सुनेने नकारार्थी मान हलवली.

“म्हणजे ज्यांना त्या फरशीवर चालायचं नाही त्या सगळ्यांना विचारलंस, आणि ज्यांना चालायचंय त्यांनाच सोडलंस. शाबास! पाठशाळेत हेच शिकवतात होय?”

सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. “पण आता काय करू? फरशी उचलली तर घर मोडतं म्हणतात.”

“अगं, माणूस गाठोडं बांधून बसलाय,” म्हातारी म्हणाली. “मोडायचं अजून काय राहिलंय?”

तिने चार लाद्या काढून दिल्या. एक शेंदरी, एक मोरपिशी, एक हळदीसारखी पिवळीधमक, आणि एक भाजलेल्या भाकरीच्या रंगाची, हाताला किंचित खरखरीत लागणारी. “या वेळी घराबाहेर न्यायच्या नाहीत. यांच्यावर पीठ सांडू दे, पाणी सांडू दे. सकाळी बघ, दिवेलागणीला बघ.”

सुनेने त्या स्वयंपाकघरात मांडल्या. शेंदरी पहिल्या दिवशी फार आवडली. तिसऱ्या दिवशी तिच्याकडे बघवेना. मोरपिशी दिवसा सुंदर दिसायची, पण दिवा लागला की पार काळी. पिवळी उन्हात डोळ्यांवर यायची आणि तिच्याजवळ ठेवलेली प्रत्येक वस्तू मळकी वाटायची.

आठव्या दिवशी म्हातारी आली. “काय वाटलं?”

सुनेने तिन्हींचं सांगितलं. मग ओशाळून म्हणाली, “या भाकरीच्या रंगाच्या लादीचं मात्र काहीच वाटलं नाही. पहिल्या दिवशीही नाही आणि आजही नाही. ती आहे हेच मी विसरून जाते. भिंगरी रोज परसदाराने येऊन तिच्यावर बसते, तेवढंच.”

“मग तोच रंग तुझा,” म्हातारी म्हणाली. “जो पहिल्या दिवशी फार नवा वाटत नाही, तो पुढे जुनाही वाटत नाही. आणि एक लक्षात ठेव. स्वयंपाकघरात उतरायला पायरी आहे ना, तिच्या काठाला तेवढी तांबडी लादी लाव. पायरी असेल तिथेच रंग बदलायचा, नसेल तिथे नाही. जमिनीने खोटं बोलू नये.”

कामाला सुरुवात झाली. काळे पट्टे निघाले, पांढरी चकाकी निघाली. म्हाताऱ्याने ओट्यावरून विचारलं, “का गं, इतकी देखणी फरशी का उखडतेस?”

सुनेने आदल्या दिवशीच उत्तर ठरवून ठेवलं होतं. “काय सांगू, मामंजी! काळ्यावर पीठ दिसतं. पुसून पुसून कंबर मोडली माझी.”

म्हातारा वळून तिच्या आवाजाच्या दिशेने बघत राहिला.

गावाला आयतंच मिळालं. “महिन्यात फरशी उचलली! आळशी ती आळशी, वर उधळी!” काकू तर मुद्दाम घरी आल्या. “आणि ऐकलंस का? राजाने काळे पट्टे काढून टाकले! आता सभागृहात पोपटी लाद्या! मीही पोपटीच घालणार. तूही लगेच बदल, अजून वेळ गेलेली नाही.”

सून दचकली. सवयच ती, एका दिवसात कशी जाणार? पण मग तिने पायाखालच्या लादीकडे पाहिलं आणि म्हणाली, “राजाला पोपटी शोभेल, काकू. आमच्याकडे राजा राहत नाही.”

शेवटची लादी बसली ती पुनवेच्या आदल्या दिवशी.

पुनवेची सकाळ उजाडली. सुनेने म्हाताऱ्याला आत या म्हणून आग्रह केला नाही. ज्याला आपली भीती झाकायची असते, त्याला आग्रहाचीही भीती वाटते, हे आता तिला कळलं होतं. दुपार होत आली तशी तिने भाकऱ्या थापल्या, शेवटची निखाऱ्यांशी उभी केली आणि मिरच्या तोडायला परसात गेली. तेवढ्यात वेशीकडून गाड्यांच्या घुंगरांचा आवाज आला. बाजार लवकर उठला होता!

ती घराला वळसा घालून तशीच ओट्याकडे धावली.

ओटा रिकामा होता. काठी नव्हती. उशाशी गाठोडं नव्हतं.

“मामंजी!” तिने रस्त्याकडे तोंड करून हाक मारली. ओ आली नाही.

“मामंजीऽऽ!” ती वेशीच्या दिशेने चार पावलं धावली. गाड्या वळणापलीकडे गेल्या होत्या. नुसती धूळ दिसत होती. ओट्याजवळ बांधलेली भिंगरी शांतपणे पाला खात होती.

हातातल्या मिरच्या खाली पडल्या. रडू आवरत तिने सगळा जीव आवाजात आणला. “मामंजीऽऽऽ! जेवायला चलाऽऽ!”

“ओ!” मागून आवाज आला. तिच्या पाठीमागून, घराच्या अगदी आतून, पायरी उतरून चुलीपाशी. “अगं, रस्त्याला काय जेवायला बोलावतेस? गाठोडं आत ठेवून मी केव्हाचा पाटावर बसलोय. ये लवकर, तुझी भाकरी करपतेय!”

बोध: राजाच्या जमिनीचा रंग दर वर्षी जुना होतो, पण घरातल्या सगळ्यात कापऱ्या पावलाला जो खरा वाटतो, तो रंग कधीच जुना होत नाही.