पाळण्याची दोरी

चिंचेखालचं गॅरेज दुपारी पेंगत होतं. शेवंता मिस्त्रीण लेकीच्या पाळण्याची दोरी ओढत होती, तोच सभापती इंगवले गरजत आले. त्यांच्या जुन्या गाडीच्या आतून ओढला की सुटणाऱ्या क्लचचे भाग मिळेनात, म्हणून तिनं आतून ढकलला की सुटणारा बसवला होता.

"कंपनीनं ओढायचा दिला, तू ढकलायचा केलास. अशानं गाडी चालेल होय? होता तसा कर, नाहीतर गॅरेजला टाळं लावतो."

शेवंतानं दोरी सोडली आणि ती पाळणा हातानं हलकेच ढकलू लागली. लेक झोपेतच हसली.

"साहेब, मघापासून ओढत होते, आता ढकलतेय. हिला काम झोक्याशी. झोप मोडलीच, तर तुमच्या आवाजानं मोडेल."

सभापती चवड्यांवर गाडीकडे गेले. क्लच दाबून गिअर टाकला, क्लच सोडताच गाडी अलगद सरकली. फाटक ओलांडेपर्यंत त्यांनी हॉर्नसुद्धा वाजवला नाही.