रानात न्यायची सुरी

"सुरी चांगली असती तर तो वाचला असता ना, बाबा?"

कोंडाजीबाबांनी चुलीत फुंकर घातली. धूर उठला, छपराला लागला आणि तिथेच घुटमळत राहिला. बाहेर भर दुपारी धुकं एवढं दाट होतं की अंगणातला हिरडासुद्धा दिसत नव्हता.

"कोन?" बाबांनी विचारलं.

"श्रीरंग. दोन वर्षांपूर्वी तुम्हालाच सापडला होता... इथल्या रानात."

"आठीवतं."

एवढं बोलून बाबा पुन्हा चुलीकडे वळले. अमोघ देवस्थळीला गप्प बसणारी माणसं झेपत नसत. नाशिकच्या भटक्या मंडळींत त्याचा शब्द चाले. तंबू कुठला, बूट कुठले, दोर किती जाड, सगळं लोक त्यालाच विचारत. आणि सुऱ्यांचा विषय निघाला की त्याच्यापुढे कुणी तोंड उघडत नसे. त्यावर त्याने लेख लिहिले होते, भाषणं ठोकली होती. प्रत्येक भाषणाच्या शेवटी तो आपल्या मित्राची, श्रीरंगची गोष्ट सांगे. घडीचा साधा चाकू, ऐन वेळी पातं अडकलं, आणि माणूस हकनाक गेला. सभागृह चिडीचूप होई.

हीच गोष्ट त्याने श्रीरंगच्या आईलाही सांगितली होती. ती एवढंच म्हणाली होती, "त्या म्हाताऱ्या बाबांना विचारून ये. त्यांनी पाहिलंय त्याला शेवटचं."

दोन वर्षं तो हे टाळत आला होता. आता पंधरा दिवसांनी बावीस माणसं घेऊन त्याला हाच घाट उतरायचा होता, त्यामुळे पळवाट उरली नव्हती. श्रीरंग चाकूमुळेच गेला, याला बाबांचा एक होकार हवा होता. तो मिळाला की श्रीरंगच्या आईंपुढे जाऊन उभं राहता येणार होतं, आणि रात्री झोपही लागणार होती.

कोंडाजीबाबांचं घर घाटमाथ्यावरचं शेवटचं. चाळीस वर्षं त्यांनी लोकांना घाट उतरवून दिला होता आणि त्यांच्या मागून चाललेला एकही माणूस हरवला नव्हता, असं गावात सांगत. बाबा स्वतः असलं काही सांगत नसत.

अमोघने पाठपिशवी उघडली. घोंगडीवर त्याने तीन सुऱ्या मांडल्या, लग्नात रुखवत मांडतात तशा हौसेने.

"ही मोठी. वीतभर पातं, मुठीच्या आतून शेवटपर्यंत गेलेलं. फांदी तोडा, लाकूड फोडा, मोडायची नाही. ही मधली. गंजत नाही, पावसाळ्यात बरी, पण धार लवकर जाते. आणि हा घडीचा. कात्री, पक्कड, दाभण, सगळं एकात. बावीस जणांना यातलं काय न्यायला सांगू?"

बाबांनी तिन्हींकडे नीट पाहिलं. मग टोपलीतून एक कांदा काढून त्याच्यापुढे ठेवला.

"चीर."

अमोघला हसू आलं. तरी त्याने ऐटीत मोठी सुरी उचलली. पातं जड होतं. कांद्याची एक फोड जाड झाली, एक पातळ झाली आणि तिसरी उडून थेट चुलीत गेली.

"निम्मी भाजी चुलीनंच खाल्ली," बाबा म्हणाले.

"ही कांद्यासाठी नाहीच, बाबा."

"रानात कांदाच चिरायचा असतो. काटा काढायचा, चिंधी फाडायची, दोरी तोडायची. त्येला चार बोटं पातं लई झालं. वल्या हातातनं मूठ सुटू नये आन् हरवली तर रडू येऊ नये, बास." बाबांनी बोटाने त्या मोठ्या सुरीकडे दाखवलं. "हिचं काय काम?"

अमोघ सरसावून बसला. हा त्याचा हुकमी विषय होता.

"खुणा करायला. धुक्यात वाट चुकू नये म्हणून झाडांवर खुणा करायच्या. खांद्याच्या उंचीला एक तिरपा घाव. एका झटक्यात साल उडते आणि आतलं पांढरं लांबून दिसतं. घडीच्या चाकूचं ते कामच नाही. श्रीरंगकडे ही असती तर..."

बाबा त्याच्या तोंडाकडे बघत नव्हते. ते त्याच्या हाताकडे बघत होते. सुरी अजून त्याच हातात होती.

"डावखुरा हायेस," बाबा म्हणाले.

"हो. जन्मापासून."

बाबांनी फुंकणी खाली ठेवली. कांदा तसाच पडून राहिला. चुलीतली लाकडं त्यांनी एकेक करून मागे ओढली, घरातून बराच वेळ बाहेर जायचं असलं की ओढतात तशी.

"चल."

"कुठे?"

बाबा उंबरा ओलांडून गेलेसुद्धा होते. अमोघ घाईघाईने उठला. मोठी सुरी त्याने हातातच ठेवली.

धुक्यात बाबांची पाठ तेवढी दिसत होती. कारवीच्या झुडपांच्या ओल्या पानांनी अमोघची बाही भिजली. एका फाट्यावर बाबा थांबले. त्यांनी जांभळीची तीन पानं तोडली, एकावर एक ठेवली आणि त्यांवर दगड ठेवला.

"ही तुमची खूण?"

"व्हय. येताना उचलायची."

"का? राहिली तर बिघडलं काय? मागच्याला उपयोगच होईल."

बाबा चालायला लागले होते. त्यांचं उत्तर धुक्यातून मागे आलं.

"ज्येनं ठेवली त्येनंच उचलायची. मागं ऱ्हायलेली खूण दुसऱ्याला बोलावती."

अडाणी समजूत, असं अमोघच्या मनात आलं. पण ते तोंडातून काढायचा धीर झाला नाही. इतका वेळ किड्यांची किरकिर चालू होती, ती आता एकाएकी बंद झाली होती.

बाबा एका हिरड्याजवळ थांबले.

खोडावर खांद्याच्या उंचीला एक घाव होता. जुना, कडा सुजून आलेल्या. तरी मधोमध तो ओला होता आणि त्यातून चीक पाझरत होता.

"दोन वरसं झाली," बाबा म्हणाले. "भरत न्हाई."

पुढे दुसरा हिरडा. त्यावरही घाव. मग एक अंजन, मग पुन्हा हिरडा. प्रत्येक घाव त्याच उंचीला, त्याच तिरकेपणाने, आणि प्रत्येक घाव ओला. बाबा एकेका झाडाशी थांबत होते आणि पुढे जात होते. पाचव्या झाडाशी अमोघने हातातल्या सुरीकडे पाहिलं.

मग एक जाड जांभूळ आली. तिच्यावर दोन घाव होते, एकाखाली एक.

अमोघ जागीच थांबला. पहिला घाव उथळ बसला होता, म्हणून दोन वर्षांपूर्वी त्यानेच दुसरा मारला होता. तेव्हा मनगटाला बसलेला हिसका त्याला आत्ता, इथे, पुन्हा जाणवला.

"बाबा... हे घाव..."

"हिकडची मानसं उजव्या हाताची," बाबा म्हणाले. त्यांनी हवेत हात फिरवून दाखवला. "त्येंचा घाव असा उतरतो. हे समदे उलटे हायेत."

अमोघ बाबांच्या मागून चालत राहिला. आता तो झाडं मोजत होता. अकरावं झाड झालं. बारावं आलं, तेव्हा खोडाशी त्याला स्वतःच्याच बुटाचा ताजा ठसा दिसला. हा तो पहिला हिरडा होता.

"आपण फिरून तिथंच आलो," तो म्हणाला.

"व्हय."

"म्हणजे मी... त्या दिवशी..."

"गोल फिरलास. रान फिरीवतं धुक्यात. तू न्हाई पयला."

अमोघने खाली बघितलं. इतका वेळ तो झाडांकडेच बघत आला होता, पायांखाली नाही. झाडांच्या कडेकडेने एक पायवाट गेली होती. गवत नाही, पाला नाही. घरादारातली वाट असते तशी मळलेली, गुळगुळीत.

"इथे कोण चालतं एवढं?"

बाबा वाटेच्या पुढच्या वळणाकडे बघत होते.

"गुरं येतात?"

"गुरं हिकडं पाय टाकीत न्हाईत."

मग बाबांनी मान किंचित कलती केली. ते वाटेवरून बाजूला झाले, अमोघचं मनगट धरून त्यालाही त्यांनी कारवीत ओढलं आणि हात जोडले. अरुंद वाटेवर समोरून वडीलधारं माणूस आलं की बाजूला होतात, तसंच.

कुणी दिसलं नाही. वाटेकडेची कारवीची पानं हलली. मग त्यापुढची. मग त्याच्याही पुढची... हिरड्यापाशी ती हालचाल थांबली. कुणीतरी खोडावर तळवा टेकून खूण चाचपावी, तेवढा वेळ गेला. घावातून चिकाचा एक थेंब ओघळला. मग पलीकडची पानं हलली, आणि हालचाल पुढच्या झाडाकडे निघाली.

अमोघला भीती वाटली. एवढी भीती त्याला कड्यावर कधी वाटली नव्हती, पुरात वाटली नव्हती.

"चाकू," तो कसाबसा म्हणाला. "त्याचा चाकू अडकला होता ना, बाबा? पोलिसांनी दाखवला मला. उघडत नव्हता तो. मी स्वतः बघितलं."

"पावसात गंजला व्हता."

"तेच म्हणतोय मी."

"बटनाच्या खिशात व्हता. खिशाचं बटन लावल्यालं व्हतं." बाबा त्या झाडाकडेच बघत होते. "त्येनं भायेर काढलाच न्हवता. खुना हायेत म्हनल्यावर त्येला चाकू कशाला लागतोय? त्या धरून फिरत ऱ्हायला, पडंपर्यंत."

भाषणं, लेख, चिडीचूप झालेली सभागृहं सगळी अमोघच्या डोळ्यांसमोरून गेली, आणि त्या सगळ्यांच्या मागे ती गोष्ट ऐकताना हातात चहाचा कप धरून तसाच थंड होऊ देणारी श्रीरंगची आई. त्याला स्वतःची किळस आली.

एकाएकी तो झेपावला. हिरड्याच्या खोडावर त्याने मोठी सुरी चालवली. घाव तासून काढायचा, बुजवायचा, खूण नाहीशी करायची. साल निघाली. त्याखालचंही निघालं. तो तासत राहिला, दात ओठ खाऊन, रडत.

बाबा बघत होते.

थोड्या वेळाने अमोघ मागे सरला. खोडावर आता हातभर पांढरं दिसत होतं. धुक्यातून, लांबूनही दिसेल असं.

"वाढली," बाबा म्हणाले.

सुरी अमोघच्या हातातून गळून पडली.

"मला माहीत नव्हतं, बाबा."

"त्येलाबी न्हवतं."

...

"त्या दिवशी शेवटची खूण केली, तेव्हा धुकं जरासं उठलं होतं," अमोघ बोलायला लागला. कुणी विचारलं नव्हतं. "तुमचं छप्पर दिसलं. मी सरळ तिकडे उतरलो. गावात जाऊन जेवणाचं बघायचं होतं. परत येऊन बघावं असं वाटलं होतं एकदा... पण म्हटलं, खुणा केल्यात. येईल श्रीरंग त्यांवरून."

"दोघं बरुबर का न्हाई चाललात?"

हा प्रश्न त्याला आजवर कुणीच विचारला नव्हता. पोलिसांनी नाही, आईंनी नाही. त्याने तो कुणाला विचारूच दिला नव्हता. दर वेळी तो आधीच चाकूबद्दल बोलायला लागत असे.

"तो हळू चालायचा," अमोघ म्हणाला. "दर झाडापाशी थांबायचा, पानं उलटून बघायचा, हाक मारून दाखवायचा... मला कंटाळा आला होता, बाबा. बाकी काही नाही. कंटाळा."

बाबांनी मान हलवली. रागावले नाहीत, समजूतही घातली नाही. दुसऱ्या बाजूने कारवीची पानं हलायला लागली होती. वर्तुळ पुरं होत आलं होतं.

"मी काय करू?" अमोघने विचारलं. आता त्याच्या आवाजात कसलीच ऐट उरली नव्हती.

बाबा जवळ आले. त्यांनी अमोघचे दोन्ही खांदे धरून त्याला वाटेवर उभं केलं आणि झाडांकडे पाठ करून त्याचं तोंड गावाच्या दिशेने फिरवलं. अमोघ सुरी उचलायला वाकला, तर बाबांनी तिच्यावर पाय ठेवला.

मागची पानं हलायची थांबली. अगदी जवळ. ओल्या मातीवर कुणीतरी पाय टेकला आणि उभं राहिलं.

बाबा वाटेच्या कडेला हात जोडून उभे होते, आणि त्यांची नजर अमोघच्या खांद्यावरून मागे होती.

"फुडं हो," ते म्हणाले. "मागं वळू नगंस... आन् या खेपंला हळू चाल."