रंभाजीची पाठ आणि वापरलेलं खोगीर

आडगव्हाणात रंभाजी नावाचा एक भोळा गडी राहत होता. भोळा किती, तर 'बसा जरा' म्हटलं की जराच बसायचा आणि लगेच उठायचा.

त्याच्याकडं शेवंती नावाची घोडी होती. त्या घरातली अक्कल बायको ठकूबाई आणि शेवंती या दोघींनीच वाटून घेतली होती, असं गाव म्हणायचं. रंभाजीचा शेवंतीवर फार जीव. दरवर्षी जत्रेत पंच घोड्यांची चाल बघायचे आणि शेवंतीची पावलं बघून माना डोलवायचे.

एकदा शेवंतीला दौडवताना रंभाजीला बायकोला काहीतरी सांगायचं आठवलं. तो वरूनच ओरडायला लागला. ठकूबाई दारातून म्हणाली, "अवो, आधी खाली उतरा, मग बोला!"

रंभाजी उतरला. घोडी अजून थांबायची होती.

पाठ दगडावर आपटली. खोगीर फाटलं ते वेगळंच.

ही बातमी ऐकून ठकूबाईचा भाऊ नारबा धावत आला. तो लग्नाच्या वरातीला घोडे पुरवायचा आणि शेवंतीवर त्याचा फार दिवस डोळा होता. "दाजी, जत्रेला आठ दिस राह्यले. जत्रेत घोडी चालवून दावा. नाय जमलं, तर दुसऱ्या दिशी खोगीर पाठीवर चढवायचं आन् मुकाट माझ्या दारात यायचं. तवापासून वरातीला उभं राह्यचं. कबूल?"

"कबूल," रंभाजी म्हणाला. 'कबूल?' असं विचारलं की 'कबूल' म्हणायचं असतं, एवढं त्याला ठाऊक होतं. मग तो गोठ्यात जाऊन शेवंतीपाशी रडला.

ठकूबाईनं त्याला दौलू हाडवैद्याकडं धाडलं. दौलूनं पाठ चाचपली. "हाड शाबूत हाय. आता पाठ पक्की कर. सकाळ-संध्याकाळ."

रंभाजी दुसरीपर्यंत शाळेत गेला होता. पाठ पक्का कसा करायचा ते गुरुजींनी छडी घेऊन शिकवलं होतं. तो ओट्यावर मांडी घालून बसला आणि घोकायला लागला, "पाठ, पाठ, पाठ, पाठ..." सकाळी शंभरदा, संध्याकाळी शंभरदा. तीन दिवसांत सगळ्या आळीची पाठ पक्की झाली, रंभाजीची सोडून.

दौलूनं कपाळावर हात मारला. "आरं, घोकून काय हुतंय? पालथं पडायचं, तेल चोळायचं, एकेक पाय वर उचलायचा."

"बरं. ध्यानात ठेवतो," रंभाजी म्हणाला.

ठकूबाई म्हणाली, "आता खोगिराचं बघा. जीनगराकडं जा. नवं नको, टणक असतंय. वापरलेलं घ्या. पण नीट पारखून."

रंभाजी जीनगराच्या दुकानात गेला. पारखायचं म्हणजे काय, त्याला आठवलं. तो एका खोगिरावर पालथा पडला, त्याला पावशेर तेल चोळलं आणि एकेक पाय वर उचलायला लागला.

"अहो, हे काय चाललंय?" जीनगर ओरडला. "खोगीर असं पारखतात होय? उलटं करायचं. आतली भरती दाबून बघायची, कुठं गोळा झालीय का. पट्टा जोरात ओढायचा, तुटतोय का. आता जा, तेलानं निसरडं केलंत सगळं. जत्रेदिवशी सकाळी या."

"बरं. ध्यानात ठेवतो," रंभाजी म्हणाला.

घरी आला तर नारबा बसलेला. दाजींची पाठ बरी तर होत नाही ना, हे बघायला आला होता. ठकूबाई चुलीपुढून म्हणाली, "दादा आलाय. जरा बघा त्याच्याकडं."

रंभाजीनं नारबाला उलटा केला. दोन्ही हातांनी पोट दाबलं. "भरती सगळी म्होरं गोळा झालीया," असं म्हणाला आणि कमरेचा पट्टा जोरात ओढला. पट्टा तुटला. नारबा दोन्ही हातांनी विजार धरून वेशीपर्यंत पळाला.

"अवो, माणूस असा पारखत्यात व्हय?" ठकूबाईला हसावं का रडावं कळेना. "आता येकच ध्यानात ठेवा. खोगीर पाठीला बसलं पायजे. दुखऱ्या पाठीला बोचाय नको. बाकी काय बघू नका."

"बरं," रंभाजी म्हणाला. दुखरी पाठ घरात एकच होती.

जत्रेच्या सकाळी शेवंतीला घेऊन तो जीनगराकडं गेला. एक जुनं, मऊ खोगीर त्यानं स्वतःच्या पाठीवर टाकलं आणि पट्टा पोटाखाली आवळला. "बसलं का?" जीनगरानं आतून विचारलं. "झकास बसलं!" रंभाजी म्हणाला आणि तसाच जत्रेत गेला.

पंचांनी आधी घोडीकडं बघितलं, मग रंभाजीकडं. "खोगीर घाल की घोडीला."

"तिची पाठ दुखत नाय," रंभाजी म्हणाला.

पंचांनी दोघांनाही बाद केलं. त्या संध्याकाळी ठकूबाई शेवंतीच्या गळ्यात पडून खूप रडली.

सकाळी नारबानं आपलं दार उघडलं, तर समोर रंभाजी. पाठीवर खोगीर, तोंड मिटलेलं.

"घोडी कुठाय?"

"घरी. खोगीर पाठीवर चढवून मुकाट यायचं ठरलंवतं. आलो." एवढं बोलून तो पुन्हा मुकाट झाला.

नारबानं डोकं धरलं. आजच्या वरातीला त्यानं शेवंतीच धरली होती, बाकीचे घोडे दुसऱ्या लग्नांना गेलेले. वाजंत्री दारात, मुहूर्त टळायला आलेला. नवरदेव हडकुळा होता. शेवटी त्यालाच रंभाजीच्या पाठीवर चढवलं.

वरात निघाली. रंभाजी ओणवा होऊन शेवंतीसारखी पावलं टाकत होता. वऱ्हाडात दौलू हाडवैद्य होता. तो ओरडला, "पाठ पक्की झाली की रं तुझी!" रंभाजीची छाती फुगली.

तेवढ्यात गर्दीतून ठकूबाईची हाक आली, "अवो! हे काय मांडलंय?"

रंभाजीला उत्तर द्यायचं होतं. पण आधी खाली उतरायचं, मग बोलायचं, हे तो विसरला नव्हता. तो स्वतः तर आधीच खाली होता. म्हणून त्यानं नवरदेवाला उतरवलं. सरळ उभं राहून.

नवरदेव ताशावर आपटला आणि तिथून गटारात गेला.

"बोल, काय म्हणतीस?" रंभाजी म्हणाला.

नारबानं कोपरापासून हात जोडले. "जा! तुमच्या घरचं एकबी जनावर मला नको. ती बी नको आन् तुम्ही बी नको!"

दौलूनं गटारात वाकून नवरदेवाची पाठ चाचपली. "हाड शाबूत हाय. पण पाठ पक्की करावी लागंल."

रंभाजीला नवरदेवाची फार दया आली. तो त्याच्या कानाशी वाकला.

"घोकू नका, पाव्हणं. त्यानं काय हुत नाय. खोगीर घ्या. वापरलेलं हाय, पण पाठीला झकास बसतंय."

आणि त्यानं नवरदेवाला पालथं केलं.